बाळाला त्याच्या नावाने हाक मारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि आजवर जे काही बोलले ते चुलीपुढे, ओट्यावर, नाहीतर कांदे निवडताना. चिटणीसबाई गेल्या महिन्यात म्हणाल्या, "यंदा तुम्ही चार शब्द बोला. उन्हाळी वाळवणावर बोललात तरी चालेल." मी एक रात्र विचार केला. वाळवण बिघडले तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घालता येते. लहान मुलाची पहिली दोन वर्षे पुन्हा घालता येत नाहीत. तेव्हा त्यावरच बोलावे असे ठरविले. काही जणींना वाटेल की घरचे उणे हिने चारचौघींत कशाला काढावे? पण ते अकरा वर्षे झाकून ठेवून कोणाचेच भले झाले नाही.

आपल्याकडे बाळाचे बारसे होते. आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते, बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि आपण घरोघर जातो. पुढे त्या नावाचे काय झाले, हे आपले नाव आहे हे बाळाला कळू लागले की नाही, हे पाहण्याचा दिवस मात्र आपण नेमलेला नाही. माझे आजचे बोलणे त्या न नेमलेल्या दिवसाविषयी आहे.

माझा धाकटा २००८ सालच्या श्रावणात जन्मला. सोमवारची कपर्दिकेश्वराची जत्रा भरली होती, घरात पाहुण्यांची गर्दी होती, आणि मुलगा झाला म्हणून सगळी आनंदात होती. बाळ मोठे गुणी निघाले. पाळण्यात घातले की तासन्‌तास पंख्याकडे पाहत पडून राही. भूक लागली तरी फारसे रडत नसे. थोरल्या मुलीने मला कडेवरून खाली ठेवू दिले नव्हते, आणि हा असा शांत! शेजारणी म्हणत, "नशीबवान आहेस बाई." मलाही त्याचा अभिमान वाटे.

वर्षाचा झाला तरी नावाने हाक मारली तर वळत नसे. पण रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली की लगेच दाराकडे जाई, म्हणजे कान तर चांगले होते. दीड वर्षाचा झाला. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसे. माझे मनगट धरून मला फळीपाशी नेई आणि माझा हात डब्यावर ठेवी. तोंडाकडे मात्र पाहत नसे. जणू माझा हात म्हणजे डबा खाली काढायची काठी. आम्ही हसायचो आणि म्हणायचो, पोर हुशार आहे. आम्ही कांदे निवडायला बसलो की हा लहानमोठे कांदे एका ओळीत मांडी, आणि कोणी एक जरी हलवला तरी आकांत करी. 'पापा' आणि 'भू' असे दोन शब्द आले होते, ते दोन वर्षांच्या आतच गेले. पुन्हा आले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." वेखंड उगाळून जिभेला लावले, दृष्ट काढली, नवस बोलले. एका दवाखान्यात नेले. तिथे सांगितले, मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षांपर्यंत वाट पाहा. ते ऐकून मला बरे वाटले, कारण मला तेच ऐकायचे होते. आणि बायांनो, खरे सांगते, माझ्या मनात एक वेगळीच भीती होती. पोरात काही कमी आहे असे कोणी म्हणाले, की पुढचा शब्द माझ्याविषयी निघणार होता. हिने ग्रहण पाळले नसेल, हिच्या माहेरी असे कोणी असेल, ही तान्ह्याला टाकून शेतावर गेली असेल. म्हणून मी गप्प राहिले. त्याला लग्नकार्यात, पाहुण्यांत नेणेच बंद केले.

२०१४ साली त्याला पहिलीत घातले. त्या वर्षी शाळेत सरकारी डॉक्टरांचे पथक मुलांची तपासणी करायला आले. त्यांतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दोनदा हाक मारली, समोर चेंडू धरून पाहिला, आणि मला बोलावणे धाडले. त्यांनीच पुण्याची चिठ्ठी दिली. तिथे तीन खेपा झाल्यावर तो शब्द आम्हाला कळला: स्वमग्नता. इंग्रजीत त्याला ऑटिझम म्हणतात. मुलाला सहा वर्षे पुरी झाली होती.

मी तिथल्या बाईंना पहिला प्रश्न विचारला तो हा, "बाई, माझे काय चुकले?" त्या म्हणाल्या, "हे होण्यात तुमचे काहीच चुकले नाही. यायला मात्र उशीर झाला." ही दोन वाक्ये मी तेव्हापासून मनात निरनिराळी ठेवली आहेत. दोष नाही, उशीर आहे. आणि पुष्कळदा दोषाच्या भीतीनेच उशीर होतो. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, बाकी सारे त्याचे स्पष्टीकरण.

आईला दोष देण्याची रीत आपल्या खेड्यातच आहे असे समजू नका. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांविषयी लिहिले, आणि या स्थितीला वैद्यकात नाव मिळाले. त्यानंतर कित्येक वर्षे तिकडचे शिकलेले डॉक्टरही म्हणत असत की आईची माया थंड असली म्हणजे मूल असे होते. किती बायांनी ते ऐकून रात्री काढल्या असतील! १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या गृहस्थांनी पुस्तक लिहून दाखविले, की हा मायेचा प्रश्न नसून मेंदूच्या घडणीचा आहे. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. पुढे १९९८ साली विलायतेत एका डॉक्टराने गोवराच्या लशीवर आळ घेतला. तो लेखही छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. तेव्हा आईवरही आळ नको आणि लशीवरही नको. लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्यात.

मग हे आहे तरी काय? स्वमग्न म्हणजे स्वतःतच मग्न, असा शब्दाचा अर्थ. पण तो थोडा फसवा आहे. या मुलांना माणसे नको असतात असे नाही. माणसाच्या डोळ्यांतून, चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांतून आपले मूल न शिकवता जे उचलते, ते यांना आपोआप उचलता येत नाही. मेंदूची घडणच वेगळी होत असते, आणि ती जन्माआधीपासून. त्यात वंशाचा वाटा मोठा आहे, पण तो बापाकडून की आईकडून अशी भांडणे करण्यासारखा तो नाही. हे वेड नव्हे, कोणापासून लागणारा रोग नव्हे, आणि औषधाने पुसून टाकता येईल असा आजारही नव्हे. काही मुले शिकून नोकऱ्या करतात, काहींना जन्मभर हाताशी माणूस लागते. कोण कुठवर जाईल हे लहानपणी सांगता येत नाही. पण लहान वयात मेंदू ओल्या मातीसारखा असतो. म्हणून जे काही करायचे ते लवकर सुरू केलेले बरे.

आता पाहायचे काय ते सांगते. यासाठी यंत्र लागत नाही, घरातलेच खेळ पुरतात.

बाळ दोन महिन्यांचे झाले की आपण बोललो असता ते आपल्याकडे पाहून हसू लागते. झोपेतल्या हसण्याविषयी मी बोलत नाही. आपल्या हसण्याला उत्तर म्हणून हसते, ते हसू. नऊ महिन्यांच्या सुमारास नावाने हाक मारली तर बाळ वळून पाहते, आणि पदराआड तोंड लपवून 'भोक' केले तर खदखदते. वर्षाच्या सुमारास टाटा करते, टाळ्या पिटते, 'आई', 'बाबा' यांसारखे काही म्हणू लागते. सव्वा वर्षाच्या सुमारास हवे ते बोटाने मागते. दीड वर्षाला केवळ मागण्यासाठी नव्हे, तर दाखविण्यासाठी बोट करते. 'ती बघ चिमणी' असे बोटाने सांगून लगेच आपल्या तोंडाकडे पाहते, की आईने पाहिली ना? दोन वर्षांना दोन शब्द जोडते: 'दूध दे', 'बाबा गेले'.

आपण बाळाला अंगणात नेऊन चांदोमामा दाखवतो. पुढच्या वेळी दाखवाल तेव्हा चंद्राकडे न पाहता बाळाकडे पाहा. त्याचे डोळे तुमच्या बोटाच्या रोखाने वर जातात की नाही? आणि चंद्र दिसल्यावर ते तुमच्याकडे वळून पाहते की नाही? डॉक्टर ज्या गोष्टीला मोठे महत्त्व देतात ती हीच. बोलणे येण्याच्या आधी हे येते. माझ्या मुलाचे बोलणे येईना म्हणून मी दोन वर्षांनंतर जागी झाले. पाहणे आणि दाखविणे एक वर्षाचे असल्यापासून नव्हते, तिकडे माझे लक्षच नव्हते.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. आलेला शब्द, आलेला टाटा, आलेले हसू जर मावळले, तर कोणत्याही वयात असो, त्या आठवड्यातच दाखवायला न्यावे. तिथे वाट पाहायची नाही.

हल्ली आणखी एक घोटाळा झाला आहे तो मोबाइलचा. मोबाइलने स्वमग्नता होते असे मी म्हणत नाही. पण दिवसभर त्या पडद्यापुढे बसलेले पोर हाकेला वळत नाही, ते पडद्यामुळे की आणखी कशामुळे, हे मग कळणार कसे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये. घास भरवताना मोबाइल देण्यापेक्षा चार घास कमी गेले तरी चालतील.

आता 'तपासणी' या शब्दाची भीती काढून टाकू. या पहिल्या तपासणीला चाळणी-तपासणी म्हणतात, आणि हे नाव आपल्या बायकांना कोणी समजावून सांगायला नको. आपण पीठ चाळतो. चाळणीत जे वर राहते ते सगळेच टाकाऊ असते का? काही कोंडा असतो, काही जाडसर रवा असतो, एखादा खडाही असतो. वर राहिलेले आपण हातात घेऊन उजेडात पाहतो. तसेच हे. चाळणीत मूल अडकले म्हणजे त्याच्यावर शिक्का बसला असे नाही; एवढेच की त्याला उजेडात नीट पाहायचे. आमच्या आळीतले एक पोर असेच हाकेला वळत नव्हते. तपासले तर सतत सर्दी होऊन कानात पाणी साठलेले. उपचार झाले, आणि आज ते पोर आईला बोलून बोलून हैराण करते. म्हणून हाकेला न वळणाऱ्या मुलाचे कान आधी तपासावेत. एकदा चाळून सगळे निघते असेही नाही. यासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने स्वमग्नतेची चाळणी प्रत्येक बाळाला दोनदा, १८ व्या आणि २४ व्या महिन्याला, लावण्यास सांगितले आहे.

ही सोय आपल्याकडे नाही असे समजू नका. गरोदरपणी मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड आपण लसीच्या तारखांपुरते उघडतो आणि ट्रंकेत ठेवतो. ते उलटून पाहा. कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे याची चित्रे त्यात छापलेली आहेत. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्या वजन करण्यापुरत्या येत नाहीत. त्यांना बसवून घ्या, कार्ड पुढे करा, विचारा. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. अनेक प्रकारच्या दोषांसाठी व आजारांसाठी मुले तपासतात, त्यांत वाढीतील विलंब आणि स्वमग्नताही आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी केलेला एक तक्ता आहे. त्यात अवघ्या १७ गोष्टी पाहायच्या असतात, आणि पाचसात मिनिटांत काम होते. चाळणीत अडकलेल्या मुलांसाठी जिल्ह्याला एक केंद्र असते. आपल्या जिल्ह्याचे पुण्याला औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. माझा मुलगा तान्हा होता तेव्हा हा कार्यक्रम नव्हता. तुमच्या नातवंडांसाठी आहे. पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी मात्र आपण पोराला घेऊन शेतावर गेलेल्या असतो!

कोणत्या बाळांकडे अधिक लक्ष द्यावे? दिवस भरण्याआधी जन्मलेले, कमी वजनाचे, जन्मल्यावर उशिरा रडलेले किंवा पेटीत ठेवावे लागलेले. आणि ज्याच्या पाठच्या किंवा पुढच्या भावंडाला स्वमग्नता आहे ते. अशा घरातल्या धाकट्या भावंडांत पाचात सुमारे एकाला ती आढळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून जन्मलेल्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मोठा गट घेतला आणि ती मुले १८ वर्षांची होईपर्यंत त्यांना पुनःपुन्हा तपासले. सरासरीने ती मुले सर्वसाधारण बुद्धीची निघाली, तरी पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा थोडी मागे राहिली. म्हणजे पेटीतून बाळ सुखरूप घरी आले की आपण सुटलो असे होत नाही. पुढे नजर ठेवावी लागते. देशात पाच ठिकाणी, त्यांत आपले उत्तर गोवाही आले, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. दर आठ मुलांमागे जवळजवळ एकाला ऐकणे, पाहणे, बोलणे, फिट्स, स्वमग्नता यांसारखी मेंदूच्या वा इंद्रियांच्या वाढीची काही ना काही अडचण होती. आठांत एक! या मांडवात बसलेल्या बायांनी आपापल्या घरची लेकरे मोजून पाहावीत.

आता माझ्या लेकीच्या घरची गोष्ट, तिची परवानगी घेऊन सांगते. ती २०२३ साली पहिलटकरीण म्हणून माझ्याकडे बाळंतपणाला आली. आठव्या महिन्यातच मोकळी झाली. बाळ १ किलो ८०० ग्रॅमचे. पंधरा दिवस पेटीत होते. मी या खेपेला डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तिथल्या नर्सबाईंनी सांगितले होते, की अशा बाळाचे वय मोजताना जे दिवस भरायचे राहिले ते दोन वर्षांपर्यंत वजा करावेत. त्या हिशेबाने तो एक वर्षाचा झाला, पण हाकेला वळेना आणि टाटाही करीना. हसे, पण पंख्याकडे पाहून.

मी लेकीला सांगितले, तर ती रडू लागली. विहीणबाईंना राग आला. "आजी असून नातवाला नावे ठेवता?" म्हणाल्या. दहा वर्षांपूर्वीची मी असते तर गप्प बसले असते. पण मी त्यांच्या घरी गेले, माझ्या मुलाला बरोबर घेऊन गेले. म्हटले, "विहीणबाई, यात दोष तुमच्या घरचाही नाही आणि माझ्या लेकीचाही नाही. ह्याच्या वेळी मी सहा वर्षे घालविली. तुम्ही सहा आठवडेही घालवू नका." त्या बराच वेळ माझ्या मुलाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मीपण येते." पहाटेच्या एस. टी. ने आम्ही तिघी बाळाला घेऊन गेलो. विहीणबाईंनी घरून भाकरी बांधून आणल्या होत्या.

कान तपासले, ते चांगले निघाले. डॉक्टरांनी सांगितले, "इतक्या लहान वयात नक्की नाव देणार नाही. पण नावाची वाट पाहत बसू नका, काम आजपासून सुरू करा." काम कोणते? जमिनीवर बाळाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचे. ते जे करते तेच आपण करायचे. ते वाटी आपटते तर आपणही आपटायची. खुळखुळा आपल्या डोळ्यांपाशी धरून मग हलवायचा. गाणे म्हणता म्हणता मध्येच थांबायचे आणि ते आपल्याकडे पाहील तोवर धीर धरायचा. पाहिले की लगेच पुढची ओळ. असे दिवसातून पाच-सहा वेळा, दहा-दहा मिनिटे. औषध नाही, खर्च नाही. विहीणबाईंना तर याचा नादच लागला. नातू वीस महिन्यांचा असताना त्याने अंगणातल्या चिमणीकडे बोट केले आणि वळून आजीच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी मला फोन केला, पण त्यांच्याने बोलवेना.

तो आता दोन वर्षांवर आहे. पाच-सहा शब्द बोलतो. पुढे त्याला स्वमग्नता म्हणतील की नाही हे अजून ठरलेले नाही. पुढच्या तपासणीला कळेल. पण जे काही ठरेल, त्याआधीचे दिवस फुकट गेलेले नाहीत.

हे घरगुती खेळ म्हणजे कोणाची कल्पना नव्हे, त्यांची पारख झालेली आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून स्वमग्न मुलांच्या आईबापांना अशा पद्धती शिकविल्या. शिकविणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, खास तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. त्यांनी एकेका घरासाठी १२ बैठका घेतल्या. २०१६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: आईबाप मुलाच्या लयीने वागू लागले, आणि मुले आपण होऊन अधिक बोलावू लागली. ऑस्ट्रेलियात तर ज्यांच्यात नुसती लक्षणे दिसत होती अशा वर्षाच्या आतबाहेरच्या शंभरएक बाळांच्या आईबापांपैकी निम्म्यांना अशी शिकवण दिली. २०२१ साली जाहीर झाले, की तीन वर्षांचे होईपर्यंत त्यांच्यांत स्वमग्नतेचे निदान झालेली मुले दुसऱ्या गटाच्या सुमारे एक-तृतीयांशच होती. प्रयोग लहान आहे, त्यावरून सगळ्यांना वचन देता येणार नाही. पण उशीर न करण्याला एवढे कारण पुरेसे आहे.

कोणी म्हणेल, आम्ही अडाणी बाया, आम्हाला हे काय कळणार? त्यांना मी गडचिरोलीचे उदाहरण देते. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळे पाहायला शिकविले. तीन वर्षांत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते जगभर छापून आले. आज आशाताई तान्ह्या बाळाला पाहायला आपल्या दारी येतात, त्याचे मूळ तिथे आहे. त्या बायांनी बाळाचा श्वास मोजला. आपण बाळाची नजर पाहू. सातवी त्यासाठी पुरते.

आता मंडळाला माझी विनंती. दर संक्रांतीला आपण लहान मुलांचे बोरन्हाण करतो. यंदापासून त्या दिवशी दोन वर्षांच्या आतल्या प्रत्येक बाळाला त्याच्या नावाने हाक मारून पाहावी, बोटाने एखादी वस्तू दाखवून पाहावी, आणि आईने कार्ड बरोबर आणावे. अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना त्या दिवशी आवर्जून बोलवावे. ज्या बाळाविषयी शंका येईल त्याच्या आईला चारचौघींत काही बोलू नये. दुसऱ्या दिवशी दोघींनी तिच्या घरी जावे, आणि पुण्याला जायची वेळ आली तर एकीने तिच्याबरोबर जावे. आपल्या भिशीतून वर्षाकाठी चार खेपांचे एस. टी. चे भाडे सहज निघेल. आणि ज्या घरात निदान झाले आहे त्यांना सांगावे, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. तिचे प्रमाणपत्र मिळते, ते काढून घ्यावे.

सासवांना माझे हात जोडून सांगणे आहे. 'ह्याचा बापही उशिरा बोलला' हे खरे असेल, तरीसुद्धा तपासायला न्या. चांगले निघाले तर पेढे वाटा. आणि सुनेला एक शब्द द्या, की काही निघाले तरी तुला कोणी बोलणार नाही. तो शब्द मिळाला की ती आपण होऊन तुमच्याकडे येईल. मला तो मिळाला नव्हता. सासूबाईंना मी बोल लावीत नाही. त्यांनाही कोणी सांगितले नव्हते. पुढे त्याच त्याला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसल्या.

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. बोलतो थोडे. आठव्या वर्षी पहिल्यांदा त्याने मला 'आई' म्हटले. कांद्याची प्रतवारी त्याच्याइतकी झटपट आमच्या घरात कोणाला जमत नाही. गोल्टी वेगळी, मोठा कांदा वेगळा, एक चूक होत नाही. गर्दी त्याला सोसत नाही, म्हणून आज तो इथे नाही. पण मी त्याला लपवीत नाही. संध्याकाळी नदीवर आम्ही बरोबर जातो. वाटेत तुम्ही भेटाल तेव्हा त्याला नावाने हाक मारा. लगेच वळला नाही तर थोडे थांबा. तो वळतो.